न टाकलेलं पाणी

लुकांग, ५ डिसेंबर

रूवेई,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, कोर्टाची नोटीसच ती! पाच ओळी, आणि त्यात "प्रिय आई" एवढंही नाही. पोस्टमन समोर उभाच होता. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून मी हसऱ्या चेहऱ्याने वाचलं. गालफडं दुखली माझी.

पहिली ओळ, "मला पाचवा महिना आहे." अगं, अशी सांगतात का ही बातमी? गॅस संपल्याचं दुकानदाराला कळवावं तशी? मी तिथेच दारात मटकन बसले. मग उठून गल्लीतल्या शियामावशीला सांगून आले, मग परत येऊन पुढचं वाचलं, आणि तेव्हा कळलं की पेढा नुसता नाही, आत खडा आहे.

"बाबांनी माझ्या लग्नात पाणी का टाकलं नाही, ते त्यांनी स्वतः सांगावं. 'माहीत नाही' हे उत्तर चालणार नाही. सांगितलं तर जानेवारीतल्या चांद्र नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही येऊ. नाही तर बाळ झाल्यावरही येणार नाही."

बरं बाई. हा घे माझा जवाब. फोनवर तू दोन मिनिटांत रिसीव्हर आपटतेस. पत्र आपटता येत नाही, म्हणून लिहिते.

मला काय कमी लागलं होतं का ते? सगळी गल्ली जमलेली, फुलं लावलेली गाडी सुरू झालेली, तू रिवाजाप्रमाणे खिडकीतून हातपंखा टाकलास, मी माझ्या हाताने लाल घमेल्यात पाणी भरून तुझ्या बाबांच्या हातात दिलेलं. काम काय, तर गाडीमागे ते पाणी फेकायचं. टाकलेलं पाणी परत येत नाही, तशी लेक सासरहून भांडून परत न येवो, एवढंच. पाच वर्षांचं पोर करेल असं काम! आणि हे घमेलं धरून ढिम्म उभे. लोक ओरडताहेत, "टाका, टाका!" गाडी कोपऱ्यावर वळली, आणि हे घमेलं घेऊन घरात गेले. तुझी सासू मागच्या गाडीत होती. तिने काचेतून जे डोळे वटारले ते मला अजून दिसतात.

पुढे महिन्याच्या आत जावईबापू स्कूटरवरून पडले, पाय मोडला, आणि विहीणबाईंना कारण आयतंच सापडलं. तुला तिथे काय काय ऐकावं लागलं असेल ते मी समजू शकते. तू फोन करून विचारलंस, "बाबा, का नाही टाकलंत?" हे म्हणाले, "माहीत नाही." तेव्हापासून तू आली नाहीस. तीन वर्षं नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतली प्रत्येक लेक नवऱ्याला घेऊन, फळांच्या टोपल्या घेऊन माहेरी येते, आणि मी दाराला सणाचा लाल कागद चिकटवून आतून कडी लावून घेते. गंमत बघ, ज्यांच्या बापांनी बादल्या बादल्या ओतल्या त्या पोरी दर वर्षी येतात. ज्याने थेंब सांडला नाही त्याची येत नाही.

तर काल मी ह्यांना बातमी दिली. हे अंगणात विकायच्या शेवया काठ्यांवर वाळत घालत होते. म्हटलं, "अहो, आपण आजी-आजोबा होणार." म्हणाले, "बरं." मग तुझी अट सांगितली. हातातली काठी तशीच धरून उभे राहिले, म्हणाले, "तिला सांगितलं होतं मी. माहीत नाही."

"अहो, पण ते उत्तर तिला चालत नाही!"

"दुसरं नाही माझ्याकडे."

असं म्हणून परत शेवयांकडे वळले. संध्याकाळी मान धरली. आज मान वाकडी करून काम करताहेत, कोंबडा झोपतो तसे. मी तेल चोळून दिलं.

रूवेई, तू ह्यांची लेक आहेस, बायको नाहीस, म्हणून तुला सांगते. ह्यांना कधी वाईट वाटत नाही, राग येत नाही, आनंद होत नाही. ह्यांची मान धरते, पोट बिघडतं, कान गरम होतात. तुझी आजी गेली तेव्हा सगळे रडत होते आणि हे म्हणाले, "दाढ दुखते." गेले ते दाढ काढून आले. दाताचा डॉक्टर म्हणत होता दाढ चांगली आहे, पण ह्यांनी हट्टाने काढायला लावली. नंतर म्हणे, "काढली तरी दुखतेच आहे." आणि आमचं लग्न ठरलं तेव्हाचं तर विचारूच नकोस. मी स्टँडवर धीर करून विचारलं, "मी आवडते का तुम्हाला?" ह्यांचा विचार होईपर्यंत माझी बस निघून गेली. मग म्हणाले, "हल्ली भूक लागत नाही." मी पुढच्या बसने घरी जाऊन आईला सांगितलं की स्थळ चांगलं आहे, फक्त तब्येत जरा नाजूक दिसते!

मी त्यांच्याकडून वदवून घेईनच. दगडाला पाझर फुटेपर्यंत सोडणार नाही. तू नीट खा. कोळंबी खाऊ नकोस, अंगाला खाज येते तुझ्या.

आई

ता. क. बाबांना विचारलं काय लिहू. म्हणाले, "लिही, वारा चांगला आहे. शेवया एका दिवसात वाळतात."


लुकांग, २३ डिसेंबर

रूवेई,

तुझी ओळ मिळाली. एकच ओळ, पण काय ओळ! "आई, तू कायम त्यांची वकिली करतेस." करते. फी मिळत नाही तरी करते. आणि या खेपेला तर माझा अशीलच माझ्या विरुद्ध साक्ष देतोय, ते ऐक.

ह्यांची मान बरी झाली तर पोट सुरू झालं. जेवण अर्ध्यावर. मी म्हटलं चला, दाखवून येऊ. बाजारातल्या दवाखान्यात नवा डॉक्टर आलाय, पोरगाच आहे, पण ऐकून घेतो. पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी केली, काही नाही. मग त्याने ह्यांना विचारलं, "काका, मनावर काही ताण आहे का?" हे म्हणाले, "मनाचं कसं कळतं?" डॉक्टर हसला. हे हसले नाहीत. मग त्याला उमगलं की काका खरंच विचारताहेत.

त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "काकू, काही माणसं अशी असतात. आत काहीतरी चाललेलं असतं, पण ते राग आहे की दुःख आहे की भीती आहे, त्याचं नाव त्यांना सापडत नाही. म्हणून बोलताही येत नाही. हा रोग नाही, स्वभाव आहे. माया कमी असते असं समजू नका." मी म्हटलं, "डॉक्टर, एवढ्या वर्षांच्या संसारानंतर हे ऐकायला मी नंबर लावून बसले होय!" पण खरं सांगू, ऐकून बरं वाटलं. कुणीतरी शिकल्या माणसाने सांगितलं की मी वेडी नाही. आणि हेही वेडे नाहीत.

बाहेर आल्यावर मात्र माझा संताप झाला. नाव सापडत नाही म्हणजे काय? नाव सापडेना तर शोधायला नको? म्हटलं, "तुम्हाला कळत नाही ना, मग जिला सगळं कळतं तिला विचारू. चला माझूआईच्या देवळात." हे लगेच निघाले. त्यांना ते पटलं, बघ. मी रागाने बोलले होते, पण ह्यांना वाटलं, हो की, देवीला माहीत असेल.

हिवाळ्याच्या सणाच्या आदल्या दिवशी दुपारी गेलो, तेव्हा फार माणसं नव्हती. ह्यांनी उदबत्त्या लावल्या, कौल लावायची ती दोन अर्धचंद्री लाकडं हातात घेतली, गुडघे टेकले आणि देवीला आपलं नाव, वय, गल्ली, घर नंबर, कोपऱ्यावर लोणच्याचं दुकान आहे हेसुद्धा सांगितलं. देवीचा पत्ता चुकायला नको! मग मोठ्याने विचारलं, "माझा मुलीवर राग आहे का?"

लाकडं टाकली. दोन्ही पालथी. म्हणजे नाही.

ह्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, एक काम झालं अशी. मग विचारलं, "मला वाईट वाटतं का?"

दोन्ही उताणी. म्हणजे देवी हसली, कौल दिला नाही.

परत टाकली. परत हसली. तिसऱ्यांदा टाकली तर एक लाकूड घरंगळत नैवेद्याच्या टेबलाखाली गेलं, आणि हे एवढे मोठे गृहस्थ टेबलाखाली शिरून, कसं पडलंय ते बघून आले. "उताणंच आहे," म्हणाले.

शेजारी एक म्हातारी नातवाच्या परीक्षेचं विचारायला आली होती. तिला राहवेना. "अहो पाहुणे, देवीला काय विचारताय हे? दुकानाचं विचारा, घराचं विचारा. स्वतःच्या मनातलं विचारायला देवळात येतात होय? ती हसणार नाही तर काय करणार?"

ह्यांनी ती लाकडं दोन्ही हातांत धरली आणि तिला अगदी शांतपणे विचारलं, "मग कुणाला विचारायचं?"

रूवेई, माझा सगळा राग तिथल्या तिथे गळून गेला. मी त्यांना घुम्या म्हणते, मख्ख म्हणते, सासरकडचे सगळे असेच म्हणून टोमणे मारते. पण तो माणूस लपवत नव्हता गं. खरंच शोधत होता, टेबलाखाली वाकून वाकून. मला रडू आलं. म्हातारीने मला संत्रं दिलं. तिला वाटलं आमच्या घरात काहीतरी मोठं दुःख आहे.

येताना तांदळाचं पीठ घेतलं, सणाचे गोळे केले, गोड पाकात. तुझ्या नावाची वाटी मी दर वर्षी काढते. या वर्षी बघते तर आधीच काढलेली. मी काही विचारलं नाही. विचारलं तर म्हणाले असते, माहीत नाही.

म्हणजे तुझ्या अटीचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. मी प्रयत्न सोडलेला नाही. तूही जरा सोड ना हट्ट, एवढासा.

आई

ता. क. बाबा म्हणतात, "लिही, देवळात नवीन फरशी बसवली आहे. घसरतं. आ-वेई आली तर सांभाळून चालायला सांग." हे "आली तर" त्यांनी आपणहून म्हटलं, मी सुचवलं नाही; आणि तू अजून त्यांची लहानपणचीच आ-वेई आहेस.


लुकांग, ९ जानेवारी

रूवेई,

आधी एक कबूल कर, की जावयाला ओरडणार नाहीस. युंगछुआनने मला फोन केला होता, दुकानातून, तुला न सांगता. बिचारा दबक्या आवाजात बोलत होता, जणू चोरीचा माल विकतोय. म्हणाला, "आई, तुम्हाला एक विचारायचं होतं. रूवेईला दर वर्षी नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात कळ येते. आडवी पडून राहते. मागच्या वर्षी दुर्बीण घालून तपासलं, काही निघालं नाही. तिला विचारलं की काय होतंय, तर म्हणते माहीत नाही. तुमच्याकडे कुणाला असा त्रास आहे का?"

असा त्रास आहे का! मी फोन धरून इतकी हसले की त्याला वाटलं मी रडते आहे. थोडी रडतही होते म्हण.

अगं बाई, खाण तशी माती! दिवस गेल्याची बातमी तू गॅसवाल्याला कळवावी तशी दिलीस, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. लहानपणी आपला पिवळा कुत्रा मेला तेव्हा तू काय म्हणालीस आठवतं? "आई, माझे कान गरम झालेत." मी ताप बघितला, ताप नव्हता. तुझे बाबा शेजारी बसले होते, त्यांनी तुझ्या कानांवर ओला फडका ठेवला. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही, आता वाटतंय. आणि तू त्यांना म्हणतेस "माहीत नाही चालणार नाही"? तुझं चालतं ते?

असो. आता मुद्द्याचं. उत्तर मिळालंय.

परवा मी नव्या वर्षाच्या चिकट केकसाठी वाफेचं मोठं भांडं माळ्यावर शोधत होते, तर मागे काहीतरी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. उघडलं, तर लाल घमेलं. तेच. मला वाटलं होतं ते कधीच फुटलं असेल. मला काय झालं कुणास ठाऊक, डोकंच फिरलं. खाली उतरले, नळाखाली धरलं, त्या दिवसासारखं अर्धं भरलं आणि अंगणात जाऊन ह्यांच्या हातात कोंबलं.

"टाका."

"कशाला?"

"मी सांगते म्हणून टाका! मला बघू दे तुम्हाला टाकता येतं की नाही!"

ह्यांनी टाकलं. आणि असं टाकलं की अंगण ओलांडून फाटकापर्यंत पाणी गेलं. नेमकी शियामावशी वाटीभर व्हिनेगर मागायला येत होती. गुडघ्यापर्यंत भिजली. ओरडली, "अगं, कुणाची पाठवणी चाललीय इथे? मला आमंत्रण नाही ते नाही, वर आंघोळ!"

मी तिची माफी मागत होते तोवर हे नळाकडे गेले. घमेलं पुन्हा भरलं, या वेळी काठोकाठ. टाकलं. पुन्हा भरलं. टाकलं. अंगणात चिखल झाला, काठ्यांवरच्या शेवया मी धावत आत घेतल्या. हे आपले हात उलटेसुलटे करून बघत होते. यंत्र नादुरुस्त आहे का ते बघावं तसे.

"हलकं आहे," म्हणाले.

"हलकंच आहे ते! प्लास्टिकचं आहे!"

"त्या दिवशी जड होतं."

रूवेई, मी नळ बंद केला. शियामावशीसुद्धा ओला झगा पिळायची थांबली. मी म्हटलं, "त्या दिवशी तर अर्धंच होतं." म्हणाले, "अर्धंच होतं. मैद्याचं पोतं मी एका खांद्यावर नेतो. ते घमेलं वर उचललं गेलं नाही."

"हे तुम्ही तिला का नाही सांगितलंत?"

"तिने 'का' विचारलं. 'का' ते मला माहीत नाही. काय झालं ते तिने विचारलं नाही."

हे साधं कुणालाच सुचलं नव्हतं. तू "का" विचारत होतीस, मी "का" विचारत होते, देवीलासुद्धा आम्ही तेच विचारायला गेलो. "का" ह्यांना सापडत नाही. पण काय झालं विचारलं, तर हातापायांपाशी जे जे झालं ते सगळं ह्यांना आठवतं, अगदी स्वच्छ. मी म्हटलं, "बसा. जे झालं तेवढं लिहा. मनातलं लिहू नका, हातांचं लिहा." बसले. शेवया गुंडाळायचा कागद घेतला, पेन्सिल घेतली. मी स्वयंपाकघरात गेले, नाहीतर मी सुचवलं असतं. खाली आहे ते त्यांचं आहे, एक अक्षर माझं नाही. कागद सोबत ठेवते, पण पेन्सिल पुसट आहे, म्हणून उतरवूनही देते.

"आ-वेई,

घमेल्यात पाणी अर्धं होतं. गाडी सुरू झाली. तू पंखा टाकलास. तो मी नंतर उचलला, आपल्याकडे आहे. लोक म्हणाले टाका. हात वर गेले नाहीत. हात बरे होते, पहाटे त्याच हातांनी शेवया ओढल्या होत्या. घमेलं जड होतं. गाडी वळली. मग हलकं झालं, पण टाकायला समोर गाडी नव्हती. म्हणून आत नेलं. घशाला कोरड होती. ते पाणी प्यायलो नाही. झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात मैदा मळला. शेवया चांगल्या झाल्या, ओढताना एकही तुटली नाही. त्या विकल्या नाहीत. युंगछुआनचा पाय मोडला तेव्हा त्याच पाठवल्या.

का, ते माहीत नाही. खोटं सांगत नाही.

बाळंतपणाच्या शेवया बाजूला काढल्या आहेत. मीठ कमी घातलं आहे.

बाबा"

वाचलंस? मी ओट्याला टेकून उभी राहून वाचलं, आणि शेवटी आले तोवर मला दिसेनासं झालं. आणि मग एकदम लक्षात आलं. जावयाचा पाय मोडल्यावर इडापिडा टळावी म्हणून आपण डुकराच्या पायाच्या रश्शात शेवया पाठवल्या होत्या ना? तूच फोनवर सांगितलं होतंस की सासूबाईंनी दोन वाडगे खाल्ले आणि म्हणाल्या, "बाकी काही असो, व्याह्यांच्या हाताला चव आहे." अगं, म्हणजे ते पाणी तुझ्या सासरी पोचलंच की! टाकलं नाही, पण पोचलं! विहीणबाईंच्या पोटात! सांग त्यांना. नको, राहू दे. सांगू नकोस. बाळ झाल्यावर सांग, तेव्हा त्या खुशीत असतील.

हे तुझ्या अटीत बसतं की नाही ते तू ठरव. "माहीत नाही" त्यात आहेच, ते मी खोडलं नाही. पण बाकीचंही आहे. मला एवढंच म्हणायचंय की मला तू हवी आहेस. मला नाव सापडतं, म्हणून सांगते. तुझी आठवण आली की माझं काही दुखत नाही, मला सरळ तुझी आठवण येते, आणि ती फार येते.

आई


लुकांग, १८ जानेवारी

रूवेई,

पत्र तुझ्या हातात पडेल तोवर तू निघायच्या तयारीत असशील, आणि दोन-चार दिवसांनी तू समोरच असणार आहेस, मग लिहायचं कशाला, असं शियामावशी म्हणते. पण काल फोन तू केलास आणि उचलला ह्यांनी. तुला फोनच्या त्या टोकाचं ठाऊक. इकडचं ठाऊक नाही. ते सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

मी भाजी चिरत होते. हे म्हणाले, "हॅलो," मग बराच वेळ काही नाही. मी सुरी खाली ठेवली. मग ह्यांचा आवाज, "दोन पोत्यांएवढं." मला कळेना काय चाललंय. मग उमगलं, तू विचारलं असणार घमेलं किती जड होतं. हुशार माझी बाई! "का" नाही विचारलंस.

मग हे म्हणाले, "कुठे?" आणि मग, "माझ्याही. बेंबीच्या वर." आणि मग दोघं बाप-लेक फोन कानाला लावून गप्प! एक तिकडे हुआलिएनला पोट धरून, एक इकडे पोट धरून. मी दारात उभी. घड्याळ टिकटिक करतंय, बिल चढतंय, आणि मला आयुष्यात एवढी छान गप्प बसलेली माणसं बघायला मिळाली नव्हती. मी मध्ये बोलले नाही, याची नोंद घे. जीभ चावून धरली होती.

शेवटी ह्यांनी "सकाळची गाडी बरी. दुपारी गर्दी असते," असं म्हणून फोन ठेवला. म्हणजे तू येतेस! मला त्यांनी सांगितलंच नाही, मी गाडीवरून ओळखलं. ओरडलेच मी. शियामावशी पलीकडून ओरडली, "येतेय का?" मी म्हटलं, "येतेय!" तिने तिच्या सुनेला सांगितलं, सुनेने पोस्टमनला. आता गल्लीत कुणाला सांगायचं राहिलेलं नाही.

तुझी खोली झाडली. गादी उन्हात टाकली. घमेलं धुऊन अंगणात ठेवलंय. तू परत निघशील तेव्हा ह्यांचा त्यात तुला शेवया भरून द्यायचा विचार आहे, बाळंतपणाच्या, पानात गुंडाळून. पाण्याबिण्याचं कुणी नाव काढायचं नाही असं मी ठरवलंय. विहीणबाईंनी विचारलं तर सांग, घमेलं माहेरहून भरून आलं.

आणि आता खरं सांगायचं ते.

फोन झाल्यावर हे बाहेर गेले. मला वाटलं शेवया बघायला. थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. हात छातीवर. म्हणाले, "दवाखाना उघडा असेल का?"

"का हो? काय होतंय?" मग जीभ चावली आणि नीट विचारलं, "कुठे होतंय?"

"इथे. गरम झालंय."

"दुखतंय?"

"नाही." विचार करून म्हणाले, "जागा पुरत नाही आत, असं. आणि तोंड आपोआप हलतंय." आणि खरंच गं, हसत होते! मिशीच्या दोन्ही कडा वर गेल्या होत्या आणि त्यांचा त्यांनाच पत्ता नव्हता.

मी हात पुसले. त्यांचा तो हात छातीवर होता, त्यावर माझा ठेवला. म्हटलं, "अहो, याला आनंद म्हणतात."

"याला?"

"हो."

तिथेच उभे राहिले, हात तसाच ठेवून. आत काय आहे ते चाचपत होते म्हण. मैदा मुरला का ते बोटाने दाबून बघतात तसे. मग म्हणाले, "मग गोळी नको?"

"नको."

"बरं," म्हणाले आणि अंगणात गेले. मी भाजी चिरायला घेतली. दोन कांदे होतात न होतात तोच परत दारात. चेहऱ्यावर काळजी.

"हा किती वेळ राहतो?"

मी म्हटलं, शुक्रवारी सकाळच्या गाडीने ती येतेय, तोवर तरी जाणार नाही. जा, शेवया आत घ्या, ऊन उतरलंय.

आई